भावाच्या हातची गाडी

वाहन तपासणी केंद्रात सगळे तिला ताईच म्हणत. पण जो खरा ताई म्हणायचा, तो सहा वर्षं बोलत नव्हता.

ती आणि धाकटा भाऊ एकाच प्रशिक्षण केंद्रात गाड्यांचं काम शिकले. जॅकवर उचललेल्या गाडीला स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, हा पहिला धडा दोघांनी एकाच बाकावर बसून गिरवला. पुढे ती तपासनीस झाली, त्यानं गॅरेज काढलं. एकदा त्यानंच दुरुस्त केलेली शाळेची व्हॅन तिच्यासमोर आली. ब्रेकचा रबरी पाइप चिरलेला होता. तिनं व्हॅन नापास केली.

"नवा पाइप परवा येतोय. तोवर भरवसा ठेव की माझ्यावर."

"आत पोरं बसतात रे."

"चारचौघांत नाक कापलंस माझं."

शाळेनं व्हॅन दुसरीकडे नेली. मग बाकीची गिऱ्हाईकंही फिरकेनाशी झाली. गॅरेज बंद करून तो कुठंतरी निघून गेला.

आपण चुकलो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्यानं जिवाला चैन थोडीच पडणार. दुपारी डबा उघडला की झाकणात ती अजून, शिकतानाच्या सवयीनं, त्याच्यासाठी दोन घास काढायची आणि मग स्वतःच खायची.

परवा एक निवृत्त शिक्षिका जुनी गाडी घेऊन आल्या. दुसऱ्या गावाहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. ताई गाडीखालच्या खड्ड्यात उतरली, बॅटरीचा उजेड वर धरला आणि थबकली. स्टिअरिंगच्या नटातली पिन वाकवून तिचं टोक आत दाबलं होतं, पुसताना फडकं अडकू नये म्हणून. इतकी काळजी घेणारा एकच माणूस तिला माहीत होता.

तरीही तिनं एकेक नट हातानं चाचपून पाहिला. ब्रेकचे पाइप कोरे करकरीत होते.

"काम कुणी केलं, बाई?"

"आमच्याकडचा मेकॅनिक. भारी कटकट्या. पाइप बदलल्याशिवाय गाडीच देईना. म्हणाला, माझ्या बहिणीनं नापास केली असती."

तिनं त्याचा फोन नंबर मागून घेतला. गाडीच्या कागदावर पासचा शिक्का मारला आणि फोन लावला.

"कोण?"

"शिक्षिकाबाईंची गाडी पास झाली."

"मागचा डावा ब्रेक उशिरा धरत होता," तो म्हणाला. "पाहिलास?"

"पाहिला. नीट धरतोय."

फोन कुणीच ठेवला नाही.

"रविवारी गॅरेज बंद असतं," शेवटी तो म्हणाला. "यायलाच पाहिजे असं काही नाही."

"नाहीच," ती म्हणाली, आणि बस किती वाजता असते ते विचारलं.