सहा तोंडांचा तक्ता

मित्रांनो, मला सहा तोंडे आहेत. पण घाबरू नका, मी राक्षस नाही. मी एक जुना तक्ता आहे. माझ्यावरचा पहिला चेहरा खुदकन हसतो, शेवटचा ढसाढसा रडतो आणि मधले चौघे पायरीपायरीने रडवेले होत जातात. ज्यांचा आजार बरा होणार नाही, अशा मुलांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली. किती दुखते हे लहान मुलांना शब्दांत सांगता येत नाही. ती माझ्यावर बोट ठेवतात. बोट चौथ्या चेहऱ्याच्या पुढे गेले की बेल दाबायची, डॉक्टरांनी यायचे, औषध द्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे, असा तिथला नियम होता.

तिथे सदा रडारड चालत असेल असे तुम्हाला वाटेल. छे! तिथे चाकाच्या खुर्च्यांच्या शर्यती लागत. माझ्या तिसऱ्या चेहऱ्याला कोणीतरी मिशा काढल्या, तर एका बाळाने माझा कोपरा चघळून पार मऊ केला. मला त्याचा अभिमानच आहे.

एकदा तिथे एक नवी सिस्टर आली. गोष्ट सांगताना बेडूक, हत्ती आणि म्हातारा राजा या सगळ्यांचे आवाज ती काढायची. मुलांना तिचा फार लळा लागला. मग एका सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरचा मुलगा वारला. त्याचा हात तिच्या हातात होता. तिने तोंडावर पाणी मारले, उसने अवसान आणले आणि हसतच पुढच्या खाटेकडे वळली. दुपारी मात्र ती मोठ्या सिस्टरना म्हणाली, "महिनाअखेरीस मी काम सोडते. मला नाही झेपत." मी तिच्याच हातात होतो, म्हणून ऐकले. मला फार वाईट वाटले.

त्या वॉर्डात आठ वर्षांची एक मुलगी होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. त्याच दुपारी सिस्टरने मला तिच्यापुढे धरले. तिने दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि मला हिसकावून सिस्टरकडे वळवले.

"आता तू ठेव."

"मला गं काय दुखतंय?" सिस्टरने हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवले.

"खोटारडी! सुई नको असली की मी पण तिथंच ठेवते."

सिस्टरचे बोट सरकत सरकत पाचव्या चेहऱ्यावर येऊन थांबले. फौजदाराने तत्काळ बेल दाबली. नियम म्हणजे नियम!

मग काय विचारता! डॉक्टरकाका एकाच पायात चप्पल घालून धावत आले. त्यांच्यामागे औषधांची ट्रॉली ढकलत मोठ्या सिस्टर आल्या आणि झाडू हातात तसाच घेऊन मावशीही आल्या.

"कुणाला दुखतंय?"

"सिस्टरताईला. पाचवा आहे. औषध द्या."

मुलांचे औषध वजनावर ठरते. डॉक्टरकाका सवयीने विचारून बसले, "वजन किती?"

सगळा वॉर्ड खो खो हसू लागला. सिस्टरही हसली आणि हसता हसताच तिचा बांध फुटला.

"त्याचा हात माझ्या हातात होता हो," ती म्हणाली.

"रड गं बाई, पोटभर रड," म्हणत मावशींनी तिला जवळ घेतले. मोठ्या सिस्टरनी हळूच माझ्या चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. डॉक्टरकाकांनी आधी मिशीवाल्यावर ठेवले, मग फौजदाराकडे पाहून निमूटपणे पाचव्यावर नेले.

"इतक्या वर्षांत मला हे विचारलंय कुणी?" मावशी म्हणाल्या. खरेच, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अर्ध्या तासाने फौजदाराने पुन्हा तपासणी केली. सिस्टरचे बोट चौथ्यावर आले.

"बघा, उतरतंय," फौजदार डॉक्टरी थाटात म्हणाली.

तेव्हापासून पाळी बदलताना सगळे जण माझ्यावर बोट ठेवू लागले. ज्याचे बोट पुढे जाई त्याच्या खाटा दुसरा सांभाळे, त्याला चहा मिळे आणि शेजारी बसायला एक माणूस मिळे. महिनाअखेर आली. "मग, निघालात?" मोठ्या सिस्टरनी विचारले. "कुठं?" असे म्हणून सिस्टर बेडकाच्या आवाजात ओरडत मुलांमध्ये पळाली. मला इतका आनंद झाला, की माझे सहाही चेहरे हसले असावेत!

पुढे फौजदारही गेली. त्या दिवशी सिस्टरचे बोट थेट शेवटच्या चेहऱ्यावर गेले. सगळे तिच्याभोवती बसले. फौजदाराने कोणाकोणाला कसे कैचीत पकडले होते, ते सांगत रडले आणि पोट धरून हसलेही. दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर हजर होती.

आता मुलांसाठी नवा चकचकीत तक्ता आला आहे. मला वाटले, आपली रवानगी अडगळीत होणार. पण मला बढती मिळाली! मी कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीत लटकतो.

मित्रांनो, तुमची काळजी घेणारे कोणी ना कोणी असेलच. त्यांना विचारले, तर ते म्हणतील, "मला काय धाड भरलीय!" तेवढ्यावर उठून जाऊ नका. खरे उत्तर येईपर्यंत त्यांच्याजवळ बसा.