न्हाणीची कडी

दिवाळीच्या पहाटे विहंगने न्हाणीची कडी आतून लावून घेतली, तेव्हापासून पद्मिनीच्या मनाला काहीतरी खुपत होतं. दरवर्षी त्याच्या अंगाला तेल तीच लावायची. यंदा तेरा वर्षांचा पोट्टा, घरातही शाळेतली हिंदीच बोलणारा, "मैं खुद कर लूँगा" म्हणाला आणि वाटी घेऊन आत गेला. बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर असलेली गोष्ट गोड लागतेच असं नाही. वाटी घासताना तिला रडू आलं, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

जानेवारीत बीरगांवला चांगलीच थंडी पडली. अशाच एका सकाळी तिचा नवरा मारोती पहिल्या पाळीला उरला भागातल्या मिलमध्ये निघून गेल्यावर विहंग कळवळत उठला आणि दोनदा ओकला.

"काय झालं रे?"

"पेट दुख रहा है."

"खाय अजून गुपचुप," पद्मिनी म्हणाली; आदल्या संध्याकाळी त्याने ठेल्यावर पाणीपुरी खाल्ली होती. तिने ओवा आणि काळं मीठ चघळायला दिलं, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. त्याने पिशवी पोटावर न धरता बाजूला ठेवली. "पापा कब आएँगे?" एवढंच तो विचारत राहिला.

इथे मात्र तिला राग आला. उष्टी-खरकटी आईने काढायची, आणि दुखलं-खुपलं की पापा.

"मले सांग ना. मी काय परकी आहो?"

विहंग भिंतीकडे तोंड करून पडला. तिने मारोतीला फोन लावला, पण कामावर फोन बाहेरच ठेवावे लागतात. तो वाजत राहिला.

दुपारी मारोती आला. विहंगने आईला खोलीबाहेर पाठवलं. थोड्या वेळाने मारोती बाहेर आला तो उतरलेल्या तोंडानेच.

"पोट नाही दुखून राहिलं त्याचं. खाली दुखते, सकाळपासून. तुले सांगाची लाज वाटली त्याले."

ऑटो करून त्यांनी पोराला समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला लावली. अंडकोष आतल्या आत फिरला होता, नस पिळली जाऊन रक्त बंद झालं होतं. या वयात असं होतं, म्हणाले, आणि थंडीत अशी मुलं जरा जास्तच येतात. सकाळीच आणायला हवं होतं.

एक काढावा लागला. दुसरा फिरू नये म्हणून टाके घालून पक्का केला. एकावरही आयुष्य नीट जातं, लग्न, मुलंबाळं, सगळं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पद्मिनीने मान हलवली. तिला आपल्या हातातला ओवाच दिसत होता. या पोराच्या अंगावरचा तीळन् तीळ तिला ठाऊक, आणि तिच्यासमोर त्याला 'पेट' म्हणावं लागलं. तिला तो कडी न लावणारा विहंग परत हवा होता. आत्ताच्या आत्ता हवा होता.

दुसऱ्या दिवशी मारोती पाळीवर गेला. दवाखान्याच्या खाटेवर विहंग छताकडे पाहत म्हणाला, "मम्मी, दूसरे में दर्द हुआ और पापा ड्यूटी पे रहे तो?"

"तर मले सांगाचं."

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"बोलूँगा. पर तब मेरी तरफ देखना मत."

"नाही पाहणार," पद्मिनी म्हणाली, आणि स्टूल फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली.

मागून हळूच आवाज आला, "अभी भी थोड़ा दुख रहा है. वहीं पे."

तिने मान वळवली नाही.

"किती दुखते, बाळा?" तिने खिडकीला विचारलं.