दोष न सापडलेली कोठी

वसंत विहारच्या फाटकातून आत शिरताच जयंतने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि थंडी असूनही दोन्ही काचा खाली केल्या. घरे काचेआडून पाहू नयेत, असा त्याचा नियम होता. काच दगडाचा रंग खोटा करते.

"ही बघ," तो म्हणाला. "खांब रोमन, जाळी राजस्थानी आणि वर छप्पर स्विस. पासपोर्टवरचे सगळे शिक्के मालकाने घरावर मारून घेतलेत."

लतिका संत्रे सोलत होती. ती हसली. "आणि तुमच्या खात्याची क्वार्टर्स? न्हाणीघराचं दार उघडलं की स्वयंपाकघराचं उघडायचं नाही. जन्मभर आपण पाळीपाळीने दारं उघडली."

"त्याला जागेची काटकसर म्हणतात."

"बिल्कुल."

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन जयंत नोएडातल्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तेव्हापासून रविवारी सकाळी, रस्ते भरण्याआधी, यमुना ओलांडून दक्षिण दिल्लीतली घरे पाहत हिंडायचे, असा दोघांचा परिपाठ पडला होता. मुलगी इशिता त्याला 'बाबांचं इन्स्पेक्शन' म्हणे. कधी पंचशील, कधी आनंद निकेतन. शेवट मात्र नेहमी वसंत विहारात. जयंत दोष काढी, लतिका एखाद्या बोगनवेलीची किंवा निळ्या दाराची बाजू घेई, आणि तो वाद पुलापर्यंत पुरे. सारे निरुपद्रवी होते; निदान दिसायला.

एका गल्लीत मात्र जयंत बोलत नसे. तिथे कडुनिंबाआड धोलपुरी दगडाची एक कोठी होती आणि तिच्यात त्याला आजवर दोष सापडला नव्हता. खोल सज्जे, उन्हाची चाल ओळखून ठेवलेल्या खिडक्या, दगडाला दगड असा भिडलेला की सांधा शोधावा लागे. असे घर बांधण्याचे कसब त्याच्या हातात होते. ऐपत खिशात नव्हती.

ते घर सुधन्वा मिरीकरचे होते. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांची लग्ने एके काळी मोजक्या बायकांच्या मध्यस्थीने ठरत, आणि त्यांतली एक जयंतची मावशी होती. लतिकासाठी तिने आधी सुधन्वाचे स्थळ नेले होते. लतिकाच्या वडिलांनी धंद्यातल्या मुलाला नकार कळवला आणि सरकारी नोकरीतला जावई केला. हे मावशीने जयंतला कौतुकाने सांगितले होते. त्याला ते कौतुक कधी पचले नाही. पसंती वडिलांची होती. लतिकाची कोणाला असती, हे त्याने तिला विचारले नाही, आणि न विचारल्यामुळे तो प्रश्न कधी म्हातारा झाला नाही.

कोठी कोणाची, हे एका कंत्राटदाराकडून कळल्यापासून दर फेरी या गल्लीतून जाऊ लागली. इथे तो घर पाहतच नसे. तो गाडी हळू करी आणि तिरप्या नजरेने लतिकाचा चेहरा पाही. ती इथे गप्प होई. एकदा तिने नि:श्वास सोडला होता. तो जयंतला आठवडाभर ऐकू येत राहिला.

आज कोठीभोवती बांबूंची परांची उभी होती. वर आणखी एक मजला चढत होता, आणि तोही नेटकाच चढत होता.

"एवढ्यानेही भागलं नाही सुधन्वाचं," जयंत म्हणाला.

"कोण सुधन्वा?"

तिने इतक्या सहज विचारले की त्याला राग आला. एवढी वर्षे हा आव तिने किती सफाईने सांभाळला, असे त्याच्या मनात आले. आणि समोर खोटे चालू असताना गप्प बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने गाडी कडेला घेतली आणि एकेक मुद्दा मांडला: मिरीकरांचा मुलगा, मावशीने नेलेले स्थळ, मंडळाच्या गणपतीत दोन्ही घरांनी एकमेकांना पाहून घेणे, आणि मग पत्रिका जुळत नसल्याचा तिच्या वडिलांचा निरोप. आता माझ्यासमोर अजाणतेपणाचा आव आणायची गरज नाही, असेही त्याने जोडले.

फोड तोंडाकडे नेणारा लतिकाचा हात हळूहळू मांडीवर आला.

"माझ्यासाठी आलं होतं?"

इतकी वर्षे तिरपा वाचलेला तो चेहरा आता पूर्ण त्याच्याकडे वळला होता. त्यावर लपवलेले काहीच नव्हते.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"नकार दिलेली स्थळं बाबा घरात सांगत नसत. आई म्हणायची, पोरीच्या मनात परकी घरं कशाला भरायची. मला वाटायचं, तुमचंच पहिलं."

"मग या गल्लीत तू गप्प का व्हायचीस?"

"गप्प तुम्ही व्हायचात. मला वाटायचं, हे घर तुम्हाला मनापासून आवडतं. म्हणून मी बोलायची नाही."

फाटकातला चौकीदार उठून त्यांच्याकडे पाहू लागला. जयंतने गाडी सुरू केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. तिथे लतिकाने विचारले,

"पत्रिका खरंच जुळत नव्हती?"

नव्हती, एवढे म्हटले असते तरी सारे तिथेच मिटले असते. पण मावशीने ती पत्रिका त्याला दाखवली होती, आणि तपशिलात खोटे बोलणे त्याला कधी साधले नव्हते.

"जुळत होती," तो म्हणाला. "उत्तम जुळत होती."

लतिकाने हातातली फोड रुमालात ठेवली. पर्समधून लांबचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने दोन्ही भिंगे सावकाश पुसली आणि तो डोळ्यांवर चढवला. या फेऱ्यांत तो चष्मा जयंतने तिच्या डोळ्यांवर कधी पाहिला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "एकदा परत घ्या ना गाडी."