गूमी म्हणजे ऊठ

सुलोचनाबाई चहाची कपबशी कधी खाली ठेवत नसत. बशी डाव्या तळहातावर, कप उजव्या हातात, पाठ भिंतीपासून वीतभर सुटलेली आणि तोंड दाराकडे. चहा कितीही कडकडीत असो, दोन-तीन घोटांत संपायचा. खुशबूनं हे शिकवणीच्या पहिल्या आठवड्यातच टिपलं होतं. तुमसरला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. दिवसभर काचपट्ट्या बघून नजरेला तशी सवय झाली होती. पण या गोष्टीचं कारण काही तिनं शोधलं नाही. माणसाच्या नाना सवयी असतात, म्हणून सोडून दिलं.

राइस मिलच्या गल्लीत भैय्यालालचं ऑफिस होतं. आखातात कामाला माणसं पाठवायची, हा त्याचा धंदा. सुलोचनाबाई त्याच्या वहिनी. त्या स्वतः तिकडे एका घरी बरीच वर्षं राहून आल्या होत्या, म्हणून जाणाऱ्या मुलींना अरबी शिकवायचं काम त्यानं त्यांच्याकडे दिलं होतं. ऑफिसच्या मागे एक खोली, खोलीत गॅसची शेगडी, माठ, केरसुणी आणि एक सतरंजी. फळा नव्हता. मिलचा कोंडा उडून खिडकीच्या गजांवर बसायचा आणि धडा चालू असताना सुलोचनाबाई पदरानं तो पुसत राहायच्या, दर थोड्या वेळानं.

खुशबूला भैय्यालालनं एका घरातल्या आजारी म्हातारीच्या देखभालीचं काम सांगितलं होतं. साखर तपासणारी, इंजेक्शन देणारी मुलगी त्यांना हवी होती. खुशबूला जायचंच होतं. आपलं गाव बपेरा ते तुमसर आणि तुमसर ते बपेरा, यापलीकडे तिनं नागपूर तेवढं पाहिलं होतं. शिवाय ती भाषा तिला आवडायला लागली होती. फोनवरच्या एका ॲपवर ती बसमध्ये धडे करायची. उजवीकडून डावीकडे लिहायचं. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मधे दुसरं, शेवटी तिसरं. घशाच्या तळातून काढायचा तो 'ऐन' तिला जमेना, तेव्हा तिनं आरशासमोर तोंड उघडून नेमका कुठला स्नायू आवळायचा ते बघितलं होतं. आई मंगलाबाई चुलीजवळून म्हणाली, "घशात काटा अडकला का वो?" ॲपवरची बाई हळू, गोड आवाजात सांगायची: मी विद्यार्थिनी आहे. हे माझं घर आहे. ग्रंथालय मोठं आहे.

मागच्या खोलीत मात्र ग्रंथालय नव्हतं.

"तआली," सुलोचनाबाई म्हणायच्या. म्हणजे ये. "जीबी माय." पाणी आण. "नज़्ज़फी." पूस, साफ कर. "गूमी." ऊठ. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या फक्त एकदा सांगत. पुढच्या वेळेपासून शब्द आला की ते काम करून दाखवायचं.

"अर्थ आठवत बसू नको," त्या म्हणाल्या. "आठवत बसली तं उशीर होते. कानात पडलं का हात चालला पाहिजे."

खुशबूला हे पटलं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो आणि मेंदूला बातमी नंतर पोचते, हे ती कॉलेजात शिकली होती. महिनाभरात तिचे हात खरंच चालायला लागले.

"काकू, 'कृपा करून' असं म्हणतात ते?" तिनं एकदा विचारलं. "मोबाइलवर शिकवलं आहे मले."

"असंन. मी नाही आयकलं."

"आणि 'नाही' म्हणायचं असलं तर?"

"ला." सुलोचनाबाईंनी खिडकीचा गज पुसला. "पण तो त्यायचा शब्द आहे. आपल्याले कामी नाही पडत."

"समुद्र कसा होता तिथला?"

"होता म्हणत. घराच्या मागंच होता म्हणत." मग थोड्या वेळानं, जणू कुणावर अन्याय नको म्हणून, "म्हातारी चांगली होती बरं. खजूर द्यायची मले, लपवून."

लपवून कशाला, हा प्रश्न खुशबूच्या ओठांवर आला आणि तिनं तो गिळला. त्या रात्रीही बसमधून उतरताना तो घशातच होता, त्या अवघड अक्षरासारखा.

भैय्यालाल दर आठवड्याला विचारायचा, "मंग, पक्कं धरू का?" आणि ती दर आठवड्याला म्हणायची, "बघू, भाऊ." घरी बाबा, गुलाबराव, विचारायचे तेव्हाही हेच. ते स्वतः पंचायतीत शिपाई होते आणि मुलगी विमानानं जाणार हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. "बघू बघू काय करून राहिली तू?" ते म्हणायचे. "मोठ्या घरचं काम आहे. शिकलेली पोरगी आहेस. जा."

एक दिवस दुपारी धडा आटोपून दोघी चहा घेत होत्या. सुलोचनाबाई नेहमीसारख्या दाराकडे तोंड करून. पुढच्या खोलीत भैय्यालालसमोर आंबागडकडचं कोणी गिऱ्हाईक बसलं होतं, आपल्या बहिणीला पाठवावं की नाही म्हणून घुटमळत.

"भाषेचं काही टेन्शन घेऊ नका," भैय्यालाल त्याला म्हणाला. "आमची वहिनी पाहा. येऊन किती दिवस झाले, अजून पक्की आहे." आणि त्यानं मान न वळवताच, आवाज बदलून, मोठ्यानं हाक मारली, "गूमी!"

सुलोचनाबाई उभ्या होत्या. त्या कधी उठल्या ते खुशबूला दिसलंच नाही. कपातला चहा मनगटावरून कोपराकडे ओघळत होता आणि त्यातून वाफ निघत होती. त्यांची नजर फरशीवर होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भाजल्याचं तर नाहीच.

पुढच्या खोलीत दोघं हसले. "पाहिलं का," भैय्यालाल म्हणाला.

खुशबूनं ओलं फडकं आणून त्यांच्या हातावर ठेवलं. सुलोचनाबाई सावकाश खाली बसल्या.

"तू म्हणत होती ना," त्या म्हणाल्या, "तुया घरी जेवताना कोणी ताटावरून उठत नाही."

"हो काकू."

"कोणी बलावलं तरी?"

"कोणीही."

"चांगलं आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. दिराच्या घरात राहणाऱ्या बाईला याहून जास्त बोलता आलं नसतं, हे खुशबूला घरी जाताना कळलं.

तो नियम आजोबांचा. त्यांच्या तरुणपणी गावकामाची हाक यायची. सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, सायबाचं सामान घेऊन पुढच्या गावी जा. हाक मारणारा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नुसतं 'ए' म्हणायचा आणि आजोबा तोंडातला घास तसाच घेऊन उठायचे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या दिवशी ते जेवायला बसले आणि हाक आली. ते उठले नाहीत. भात संपवला म्हणे, ताट धुतलं, मग बाहेर जाऊन सांगितलं की आता हे काम आम्ही करत नाही. तेव्हापासून या घरात कोणी ताटावरून उठत नाही. पाहुणा आला तर तो बसतो. फोन वाजला तर वाजतो. गावातले लोक यावरून थट्टा करत, "गुलाबरावच्या घराले आग लागली तरी आधी वरण संपन." गुलाबराव ती थट्टा मोठ्या तोऱ्यानं स्वतःच सांगत.

रविवारी दुपारी भैय्यालालची मोटारसायकल अंगणात थांबली तेव्हा तिघंही जेवत होती. भात, वरण, लाखोळीची भाजी.

"जय भीम, या," गुलाबराव बसल्या जागेवरून म्हणाले. "बसा खाटेवर. आमचं माहीत आहे तुम्हाले."

"जेवा, जेवा. माहीत आहे ना बाप्पा." भैय्यालाल खाटेवर ऐसपैस बसला. "तिकडून फोन आला होता. त्यायले घाई आहे. आज पासपोर्ट घेऊनच जातो म्हटलं. तिकडं गेल्यावर तो मालकच ठेवते, सांभाळून."

"मालक काहून?" मंगलाबाईंनी विचारलं.

"पद्धत आहे तशी." तो हसला. "वहिनी म्हणे पोरगी एकदम तयार आहे. खरं का गुलाबराव? पाहू द्या बरं." आणि मजेत, मांडीवर थाप मारून, तो म्हणाला, "गूमी!"

भाताचा घास खुशबूच्या बोटांत होता. तो तसाच होता. फक्त तो आता खूप वर होता, ताटापासून लांब, आणि तिला आईच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. आपण उभ्या आहोत ही बातमी तिला त्यानंतर पोचली. नजर जमिनीवर होती. ती तिथं कोणी नेली, तिला आठवेना.

"पास!" भैय्यालाल म्हणाला. "सांगितलं नव्हतं तुम्हाले?"

मंगलाबाईंचा वाढता हात वरणाच्या गंजावर थांबला होता. गुलाबराव लेकीकडे बघत नव्हते. ते तिच्या ताटाकडे बघत होते, त्याच्यासमोरच्या रिकाम्या पाटाकडे. इतक्या वर्षांत त्या पाटावरून जेवण अर्धं टाकून कोणी उठलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बस, बेटा," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

खुशबूचे गुडघे लगेच वाकायला लागले. तिनं ते थांबवले. एक श्वास घेतला, मग आपल्या मनानं, सावकाश, पाटावर बसली. घास तोंडात घातला, चावून गिळला. भैय्यालाल अजून हसत होता, पण आता जरा कमी.

"तं मंग," तो म्हणाला, "पासपोर्ट देतेस ना?"

"ला," खुशबू म्हणाली. मग त्याला आणि बाबांनाही समजावं म्हणून, ताटावरून नजर वर करून, "मी जात नाही, भाऊ."