तपकिरी बाटलीचा कबुलीजबाब

मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या जन्माची हकीकत राहू द्या, आधी कबुली देते. दोन बहिणींचं बोलणं माझ्यामुळे तुटलं.

त्या दोघी होलोग्राम करायच्या. लेझरच्या उजेडात काचेच्या प्लेटवर वस्तू अशी उतरते, की मान जरा कलती केली तर तिची दुसरी बाजूही दिसते. पण त्यासाठी प्लेट डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवावी लागते. त्याचे दोन भाग ऐन वेळी एकत्र करायचे. त्यातला नाजूक भाग माझ्या पोटात असे. त्याला उजेड सोसत नाही, आणि हवा तर मुळीच नाही. म्हणून ताई तो भरला की वर काचेच्या गोट्या सोडायची, हवेला जागाच उरू नये म्हणून. मग बूच पिळून बसवायची. "आमची तपकिरी म्हणजे तिजोरी!" असं ती म्हणायची आणि मी फुगायचे.

एकदा धुताना धाकटीने मला नळावर आपटलं. टक्क! ओठाचा बारीकसा टवका उडाला. "अगं बाई!" म्हणत तिने वरवर पाहिलं नि ठेवून दिलं. बुचाखाली टवका झाकला गेला. आता कोणी फेकणार नाही, म्हणून मी खूश झाले. लाज वाटते हो सांगायला.

त्यांचे बाबा मातीची खेळणी करायचे. देवाघरी जाताना एक कच्चा, न भाजलेला घोडा ठेवून गेले. त्याला तडे होते. भाजला तर फुटला असता, ठेवला तर रोज थोडा झडत होता. म्हणून बहिणींनी त्याचा होलोग्राम करायचं ठरवलं. हलू नये म्हणून त्याचे पाय पाटाला चिकटवले. प्लेटवर लेझर पडला. "झालं बाई एकदाचं!" म्हणत धाकटी प्लेट धुण्याआधीच घोडा सोडवायला गेली. त्याचा चुरा झाला.

"रडू नकोस," ताई म्हणाली. "प्लेटवर आलाय ना तो."

मग मला उघडलं. टवक्यातून हवा शिरून डेव्हलपर केव्हाच बाद झाला होता. बिनरंगी काचेची असते तर तो काळा पडलेला दिसला असता. पण माझा तो मिरवायचा रंग! त्यात खोलीत मिणमिणता हिरवा दिवा. घड्याळ लावून त्यांनी प्लेट बुडवली, पुढच्या रसायनातून काढली आणि मोठा दिवा लावला. प्लेट कोरी होती.

"तूच बूच सैल ठेवलंस!" धाकटी ओरडली.

"अगं, पिळून लावलं होतं मी."

"मग काय भुतानं उघडलं?"

ताई हात पुसून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी चोर मूग गिळून फळीवर बसले.

खूप दिवसांनी धाकटी फळी पुसत होती. माझ्या उघड्या तोंडावरून तिचं बोट फिरलं आणि कापलं. ती टवक्याकडे बघत राहिली, मग नळाकडे. तिने ताईला फोन लावला.

"ताई, बूच तू घट्टच लावलं होतंस गं. बाटली मी फोडली होती."

पलीकडून ताईचा आवाज आला, "बोट धुतलंस का? विषारी असतं ते रसायन."

मित्रांनो, घोडा काही परत यायचा नाही. मी आता नुसत्या गोट्या सांभाळते. एवढंच मागणं आहे, माणसाला बोल लावण्याआधी बाटलीच्या तोंडावरून एकदा बोट फिरवा. जपून फिरवा, काच लागते.