मानेची शीर

नीलम्माला दम लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. अंगण झाडताना ती दोनदा खाली बसायची. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून भिंतीला टेकूनच झोपायची. नवरा हसून म्हणायचा, "ग्यास हाय. ओवा खा."

आता हा नवरा कोण? गुरुबसप्पा! औसा तालुक्यातला देवणी जातीच्या जनावरांचा नावाजलेला पारखी. बैल घ्यायचा तर लोक त्याला मुद्दाम सोबत नेत. तो बैलाच्या मानेची शीर दाबून बघायचा. शीर टरारून फुगलेली, गळ्याखाली पाणी उतरलेलं दिसलं की म्हणायचा, "नको. काळीज खराब हाय याचं." आजवर एकदाही चुकला नव्हता.

जनावरांचं प्रदर्शन तोंडावर आलं आणि त्याचा देवणी वळू वैरणीला तोंड लावेना. गुरुबसप्पानं तासाभरात लातूरहून जनावरांच्या डॉक्टर विशाखाताईंना आणवलं. त्यांनी वळूच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपराजवळ छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. काळीज ठणठणीत होतं, नुसतं अपचन. तेवढ्यात नीलम्मा चहा घेऊन आली. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना तिला धाप लागली. डॉक्टरबाईंनी कप घेतलाच नाही.

"आप्पा, ही शीर बघा."

"कुणाची?"

"अक्कांची! बैलाची बघता ना, तशीच बघा."

गुरुबसप्पानं पाहिलं. शीर फुगून उडत होती. पाय सुजून जोडवी मांसात रुतली होती.

"मी जनावरांची डॉक्टर, आप्पा. पण काळीज बैलाचं असो की बाईचं, कप्पे चारच. अंगातलं रक्त एका बाजूनं आत येतं, फुप्फुसात जातं आणि दुसऱ्या बाजूनं अंगभर ढकललं जातं. ढकलणं जमेना झालं की ते मागं तुंबतं. बैलाच्या गळ्याखाली पाणी उतरतं, माणसाच्या पायात. हे तुम्हाला मी सांगायचं? आजच दवाखान्यात न्या!"

"परवा प्रदर्शन हाय. तेवढं झालं की नेतो."

"अहो, थांबण्यासारखं नाही हे!"

"दोन दिवसांनी काय हुतंय?"

वळूचा पहिला नंबर आला. गुरुबसप्पा गुलाल उधळत घरी परतला. नीलम्मा भिंतीला टेकून बसली होती. वळूला ओवाळायचं ताट तिनं शेजारी तयार ठेवलं होतं. त्यानं हाक मारली, दोनदा मारली. मग गुलालानं माखलेलं बोट तिच्या मानेवर ठेवलं. शीर गप्प होती.

"मला दिसत हुतं गं!" म्हणून तो ऊर बडवत ओरडला. पण आता ऐकणार कोण?

आजही लोक त्याला बैल बघायला नेतात. तो बैल बघतो आणि मालकाला विचारतो, "घरात कुणाला दम लागतो का? पाय सुजतात का?" लोक हसतात. तो म्हणतो, "हसू नका. मीबी हसलो हुतो."

वाचकहो, दावणीच्या जनावराकडे जेवढं लक्ष देता, तेवढं तरी घरच्या बाईकडे द्या. माणसांच्या घरात एवढंसुद्धा मागावं लागतं, याची लाज वाटते.