कोऱ्या नोटेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी एक रुपयाची नोट आहे. जुनी म्हणजे मळकी नाही हं! देश स्वतंत्र झाला, राजाचं चित्र गेलं आणि सारनाथचे सिंह आले, त्या पहिल्यावहिल्या नोटांमधली मी. जन्म नाशिकच्या छापखान्यातला. माझ्या बहिणी बाजारात गेल्या आणि चोळामोळा होऊन संपल्या. मला मात्र कोणीतरी पोथीत ठेवून विसरलं. माझ्या बदल्यात आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा आली नाही, आणि त्याचाच मला केवढा तोरा!

पुढे मी जबलपूरला, चेरीताल मोहल्ल्यातल्या बापूंकडे आले. बापू कारखान्यातून निवृत्त झालेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नोटा जमवायचा त्यांना भारी नाद. हात धुऊन, कोरडे करून, मगच ते मला कडेने उचलत. यंदा दिवाळीनंतर गावात जुन्या नोटांचं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. बक्षीस आपलंच, असं बापू भेटेल त्याला सांगत सुटले होते. घडी नाही, डाग नाही, अशी नोट दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच ना!

मग लक्ष्मीपूजन आलं. बापूंची नवी सून ज्योती नागपूरची. तिच्या माहेरी पूजेत कोऱ्या नोटा मांडायची रीत. घरात सगळ्यांत कोरी कोण? मीच! बक्षिसाची नोट ती हीच, हे पोरीला कुठे ठाऊक! तिने मला हौसेने पाटावर ठेवलं आणि ओल्या बोटाने कुंकू लावलं, ते थेट सिंहांच्या डोक्यावर. माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

बापूंनी पाहिलं आणि मटकन खालीच बसले. ज्योती घाबरली. रडत रडत मला पदराने पुसायला लागली. माझा कागद सोलवटू लागला.

"काहून घासून राहिली बेटा?" बापू उठून म्हणाले. "राहू दे."

एवढंच बोलले, आणि न जेवता झोपले.

स्पर्धेतून मी बाद झाले. तरी बापूंनी मला प्रदर्शनात टेबलावर सगळ्यांत पुढे मांडलं. ज्योती मागे मान खाली घालून उभी होती. एक गृहस्थ चुकचुकले, "भाईसाहब, इतने अच्छे नोट पर ये दाग कैसा?"

"दाग नहीं है जी," बापू म्हणाले. "हमारी बहू की पहली दिवाली है."

ज्योतीने मान वर केली. खरं सांगते, तेव्हा मला माझ्या संतापाची लाज वाटली.

मित्रांनो, आम्हाला जपा. आमच्यावर नावं लिहू नका, टाचण्या टोचू नका. पण कोणाच्या हातून डाग पडलाच, तर आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. आमच्याकडे मागाहून बघा; आम्हा नोटांना थांबायची सवय आहे.